टोपीतलं दही, मशिनीतलं दही

मी आयुष्यात दोनदाच हरलोय. एकदा चौथीच्या परीक्षेत आणि दुसऱ्यांदा दह्याच्या वाटीपुढं. चौथीत मास्तर चुकला होता, त्यामुळं ते धरायचं नाही. दह्याचं मात्र सांगायला पाहिजे. त्याची खरी हकीकत आमच्या घराबाहेर गावात कुणाला ठाऊक नाही, आणि जी ठाऊक आहे ती खोटी आहे, आणि ती खोटी मीच सोडलेली आहे.

आमच्या घरातलं विरजण कधी तुटलेलं नाही. मंडळी आजऱ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत एक वाळकं फडकं होतं, पापडासारखं कडक. मी विचारलं, हे काय, कंदिलाची काच पुसायला? तर म्हणाली, दही हाय. त्यांच्याकडं दूरदेशी विरजण न्यायचं तर दही स्वच्छ फडक्यावर पसरायचं, सावलीत वाळवायचं. मग कोमट दुधात त्या फडक्याचा तुकडा सोडला की दही लागतं. त्या एका तुकड्यावर आमच्या घरात आजवर दही लागत आलंय. म्हशी किती आल्या, किती विकल्या, विरजण तेच.

आता आमची पोरगी हैदराबादला असते. जावई तिथं कंपनीत. तिला सातवा लागला आणि पोटात काही ठरेना. बाकीच्या बायकांचं हे तिसऱ्या-चौथ्यात थांबतं म्हणे. हिचं सगळं उलटं, माझ्यावर गेलीय. डॉक्टरीण म्हणाली, वजन वाढलं नाही तर दवाखान्यात घालून सलाईन लावावं लागेल. तिकडचं पिशवीतलं दही तोंडाला लावलं की हिला उमळून यायचं. एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, आपलं दही असतं तर दोन घास भात तरी गेला असता गं."

एवढंच म्हणाली. पण मंडळींनी फोन ठेवला आणि त्याच पायी फडकं धुवायला घेतलं.

तिला स्वतःला जाता येत नव्हतं, कारण म्हैस आठवड्याच्या आत व्यायची होती. मी गेलो काय आणि राहिलो काय, गोठ्याला फरक पडत नाही, असं तिनं चारचौघांत सांगितलं. मी ते मनावर घेतलं नाही. जावयानं विमानाचं तिकीट काढून मोबाईलवर धाडलं. आमचं गाव विमानतळाशेजारच्या गडमुडशिंगीच्या पलीकडं आहे, विमानं आमच्या म्हशींच्या डोक्यावरनंच जातात. म्हशी मान वर करीत नाहीत, मीही कधी केली नव्हती. आता त्यातच बसायचं होतं.

विमानात बसणार म्हटल्यावर माणूस चौकात जाऊन बसतोच. मीही गेलो. तिथं आमचा कंपौंडर होता. हा एका डॉक्टरच्या हाताखाली तीस वर्षं पुड्या बांधत होता, त्यामुळं गावात अर्धा डॉक्टर तोच. माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही एका चड्डीवर गोट्या खेळलोय, म्हणजे त्याची चड्डी मी जिंकली होती.

मी सांगितलं, विरजण घेऊन चाललोय. त्यानं डोळे बारीक केले.

"इमानतळावर सामान मशिनीत घालत्यात. ठावं हाय न्हवं?"

"घालू देत की."

"त्यात एक्स-रे मारत्यात, मर्दा."

"मारंनात. माझ्या पिशवीला कुठं हाडं हाईत?"

लोक हसले. कंपौंडर हसला नाही. त्यानं तंबाखू मळायची थांबवली. आमच्याकडं ही गंभीर गोष्ट मानतात.

"दवाखान्यात एक्स-रे काढताना सगळ्यांस्नी भाईर का काढत्यात? बटण दाबणारा भिताडाच्या आड का हुबा ऱ्हातोय? माणसाला जे सोसंना ते दह्याला सोसंल व्हय? दह्यात जित्तं जीव असत्यात. मशिनीतनं गेलं की खलास. आन् बाकीच्या खाण्यात ती किरणं मुरून बसत्यात, लोणच्यागत. पोटुशी पोरगी तुझी. बघ बाबा."

आता खरं सांगतो. दह्यात जीव असतात हे मला ठाऊक होतं. जीव नसते तर एका चमच्यानं पातेलंभर दूध कसं बदललं असतं? आणि भिंतीआडचं बटण तर मी स्वतः बघितलं होतं, मागल्या साली गोठ्यात पाय घसरून कंबर धरली तेव्हा. मला पालथा झोपवून तो पोरगा पळाला होता, फटाक्याची वात पेटवून पळतात तसा. त्यामुळं कंपौंडरचं म्हणणं माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. मी तिथंच सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "त्या मशिनीतनं गेलेलं दही माझ्या पोरीच्या तोंडात जाणार न्हाय. न्हाय म्हंजे न्हाय."

घरी येऊन मंडळींना सांगितलं. ती नाचणीचे लाडू वळत होती. लाडू वळायची थांबली नाही.

"मागल्या साली तुमच्या कंबरंचा फोटू काढला, तवा तुमच्या पोटात काय हुतं?"

"काय हुतं?"

"माजी भाकरी आन् आमटी. सकाळी खाऊन गेलता. ती बाधली का?"

मी आवाज वाढवला. "अगं, पण माझं पोट वायलं आन् तिचं वायलं! तिच्या पोटात लेकरू हाय!"

"मग त्या लेकराच्या आईला दही पायजे हाय. तुमी नेणार का म्हशीला सोडून मी जाऊ?"

तिनं वाळलेलं फडकं घडी करून एका प्लास्टिकच्या डबीत घातलं, डबी लाडवाच्या डब्यात, डबा पिशवीत. सोबत आजऱ्याचा घनसाळ तांदूळ पाच किलो. मला बजावलं, "ह्यातलं कायबी काढायचं न्हाय, कुठं ठेवायचं न्हाय, कुणाला दाखवायचं न्हाय. आन् इरजाण मेलं तर तोंड दाखवायचं न्हाय."

मी व्हय म्हटलं. ती म्हशीला वैरण टाकायला गेली. मी डबी काढली, मिशीची कात्री घेतली आणि फडक्याचे दोन तुकडे केले. अर्धा परत डबीत. अर्धा माझ्या टोपीत.

टोपीची घडी तुम्हाला माहीत असेल. आत दोन्ही बाजूंनी खिसा होतो. बाजाराची चिठ्ठी, एसटीचं तिकीट, विडी, सगळं मी तिथंच ठेवत आलोय. चोराला तो खिसा माहीत नसतो आणि बायकोला माहीत असला तरी ती हात घालत नाही. मी ठरवलं, मशिनीतला तुकडा आपला नावाला. खरं विरजण टोपीतनं जाणार.

निघायच्या दिवशी मी डोक्याला माक्याचं तेल लावलं. रोज लावतो, पण प्रवासाचा दिवस म्हणून दोन बोटं जास्त लावलं. वर टोपी. आरशात बघितलं तर कुणी म्हणालं नसतं की ह्या माणसाच्या डोक्यावर दही आहे.

विमानतळावर सगळं चकचकीत. मी पिशवी ट्रेमध्ये ठेवली, मशिनीनं ती तोंडात ओढून घेतली. पुढं खाकीतला एक जवान उभा. धिप्पाड, उत्तरेकडचा. माझ्या अंगावरनं हातातलं यंत्र फिरवलं. मग म्हणाला, "बाबा, टोपी उतारो. ट्रे में रखो."

ट्रेमध्ये म्हणजे मशिनीत. मी दोन्ही हातांनी टोपी धरली.

"टोपी नहीं उतरेगी."

"क्यों?"

"इज्जत है."

"इज्जत वापस मिल जाएगी बाबा, दो मिनट में."

मागं रांग थांबली. एक पोरगा कानातलं काढून बघायला लागला. मी म्हटलं, "तुम हात से देखो. जितना देखना है उतना देखो. मशिन में नहीं."

त्यानं हात लावला. टोपी कुरकुरली. ताजी इस्त्री अशी कुरकुरत नाही, हे त्यालाही कळलं असावं.

"इसमें क्या है?"

खोटं बोलायला माझी हरकत नसते, पण वर्दीपुढं जीभ सरळ चालते. "दही."

"टोपी में दही?"

"सुका दही. फडके पे." मी तुकडा काढून त्याच्या हातात दिला. त्यानं उलटा केला, सुलटा केला, उजेडाला धरला, मग नाकाशी नेला. आणि त्या धिप्पाड माणसाचा चेहरा एकदम घरच्यासारखा झाला.

"जामन है क्या? दूध जमाने का?"

"व्हय! हां! जामन!" मला शब्द माहीत नव्हता, पण दूध जमवायचं म्हणतोय हे कळलं. "बेटी के वास्ते. पेट से है."

"हमारे घर भी भैंस है बाबा." त्यानं तुकडा दोन बोटांत धरून परत दिला, जपून. टोपीही चाचपली, आत बघितली आणि माझ्या डोक्यावर स्वतःच्या हातानं ठेवली. "जाइए. लेकिन वो थैला तो मशीन से निकल गया."

"वो थैला दिखाने का है," मी म्हटलं.

मशिनीच्या पडद्यापुढं एक पोरगी बसलेली होती, आपल्याकडचीच. तिनं सगळं ऐकलं होतं. मी मान लांब करून पडद्यावर बघितलं. पिशवीच्या पोटात लाडवांच्या गोल गोल नारिंगी सावल्या दिसत होत्या आणि डबा निळा.

"आजोबा, लाडू कशाचे?" ती म्हणाली.

"नाचणीचे. आता ते खायच्या लायकीचे राह्यलेत का, ते तूच सांग."

"का नाही? ही किरणं आरपार जातात, आत राहत नाहीत. मशीन बंद झालं की संपलं. आणि तेवढ्यानं काही खराबही होत नाही. आमचे जेवणाचे डबे रोज ह्याच मशीनमधून आत येतात."

"म्हणूनच तू एवढी वाळलीयास," मी म्हटलं आणि पिशवी उचलली. ती हसली. तिचं म्हणणं मला पटलं नाही असं नाही. पण मी चौकात बोलून बसलो होतो.

हैदराबादला जावयानं विमानतळावरनं घरी सोडलं आणि तो कामावर गेला. पोरीनं दार उघडलं. मी काहीतरी वाकडं बोलणार होतो, पण तिचं मनगट बघितलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पोट तेवढं पुढं आणि बाकीची पोरगी कुठं गेली कळेना. पाया पडायला वाकायला लागली, मी म्हटलं राहू दे, परत वर यायला जमायचं नाही.

तिनं एक लाडू तोंडात टाकला, अर्धा परत ठेवला. "आईच्या हातचा हाय म्हणून खाल्ला," म्हणाली. "दही कधी लावूया?"

दुपारीच दूध कोमट केलं. स्टीलच्या दोन वाट्या घेतल्या, दोन्ही सारख्या. एकीत डबीतला तुकडा, एकीत टोपीतला. दोन्हींवर ताटल्या. टोपीतल्याच्या ताटलीवर खूण म्हणून तुळशीचं पान ठेवलं. पोरगी बघत उभी होती.

"आबा, हे काय चाललंय?"

मी सगळं सांगितलं. कंपौंडर, भिंतीआडचं बटण, लोणचं, जवान. तिला हसू आवरेना. हसता हसता खुर्चीत बसली.

"अहो आबा, भिंतीवर बॅटरी मारली आणि बंद केली, तर भिंत उजेड साठवून ठेवती का? तसंच हाय ते. दवाखान्यातली माणसं आड उभी राहतात, कारण दिवसभर तेच काम करत असतात, रोज रोज. कांदा-बटाटा टिकावा म्हणून किरणं देतात ती ह्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि तोही लोक खातातच की."

"कांद्यात जीव नसतोय. दह्यात जीव असतात."

"त्या जीवांना कळतसुद्धा नाही, मशिनीतनं गेलो म्हणून."

"तुला कळतं, मला कळत न्हाय. पण तू पानाखालचं खायचं. दुसरं वतून टाकायचं. बास."

"बरं," ती म्हणाली. बापाशी वाद घालायला अंगात ताकद लागते, ती तिच्यात नव्हती. मला त्या बरंनंच जास्त वाईट वाटलं.

सकाळी मी तिच्या आधी उठलो. आधी पानाखालची ताटली उचलली. वर पाणी सुटलेलं. खाली दूध धड दूध नाही, धड दही नाही, बोट घातलं तर तार आली. आणि वास! तो वास मला लगेच ओळखू आला, कारण तो माझाच होता. माक्याचं तेल, घाम, थोडी तंबाखू. अर्धा दिवस डोक्यावर शिजवलेलं विरजण. मशिनीपासनं वाचवलं आणि माझ्याच टाळक्यानं मारलं.

दुसरी ताटली उचलायचा धीर होईना. उचलली. वाटी तिरकी केली तरी हललं नाही. चमचा घातला तर वडी निघाली, बाजूला स्वच्छ निवळ. वास आमच्या घरचा. हैदराबादच्या त्या स्वयंपाकघरात उभं राहून मला आमच्या शिंक्याखाली उभं राहिल्यासारखं झालं.

आता पंचाईत बघा. विरजण जगलं होतं, म्हणजे मंडळींना तोंड दाखवायला मी मोकळा. पण जगलं होतं मशिनीतलं. पोरीला खायचं दही समोर तयार आणि मीच म्हणून बसलेलो की ते ओतायचं. आणि मनात खोल कुठंतरी कंपौंडर अजून तंबाखू न मळता बसलेला. म्हणून मी आधी स्वतः दोन चमचे खाल्लं. मग गॅलरीत गेलो, पोटावर हात ठेवून तासभर उभा राहिलो. खाली रस्त्यावर दूधवाले, शाळेच्या गाड्या, सगळं गेलं. पोटात काही झालं नाही. उलट भूक लागली.

मग मी आत आलो, तुळशीचं पान उचललं आणि दुसऱ्या ताटलीवर ठेवलं. एवढंच. चोरी म्हणायची तर एका पानाची.

पोरगी उठली. मी पानाखालची वाटी पुढं केली. तिनं घरातला गार भात घेतला, वर दही, मीठ. एक घास खाल्ला आणि थांबली. मी तिच्या तोंडाकडं बघतोय. दुसरा घेतला. मग तिसरा. मग ताटली पुसून खाल्ली. अर्धा तास झाला, तास झाला. राहिलं पोटात. किती दिवसांनी राहिलं ते तिलाच माहीत. तिनं आईला फोन लावला. "आई, लागलं! आबांच्या टोपीतलं लागलं! दोन वाट्या भात खाल्ला!"

पलीकडनं मंडळी काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. पण मी फोनजवळ तोंड नेऊन म्हटलं, "टोपीतलं!" कंपौंडरला त्यातलं कसं कळलं देव जाणे, पण तासाभरात त्याचा फोन. "म्हणलो हुतो का न्हाय?" म्हणाला. चौकात त्यानं चहा पाजला म्हणे सगळ्यांना. त्यानं कुणाला चहा पाजला असं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

इथंच थांबायला पाहिजे होतं. पण पोरगी माझी. तिनं दुसरी ताटली उचलली.

"अगं बाई, हे पण थोडं लागलंय की. ओतायचं कशाला? कढी करते."

मी उडी मारून वाटी धरली. त्या तेलाच्या दह्याची कढी तिच्या पोटात गेली असती तर सकाळचा भातही बाहेर आला असता. "कढी न्हाय! ते मशिनीतलं हाय!"

"आबा, मी सांगितलं ना, काही होत नाही. अन्न वाया घालवायचं नसतं, तुम्हीच शिकवलं."

"वाया जाणार न्हाय. मी खातो."

"तुम्ही? मशिनीतलं?"

"माझं वय झालं. मला काय हुतंय."

आणि मी खाल्लं. तिच्यादेखत. ती समोर खुर्ची घेऊन बसली, हनुवटीला हात लावून, आणि चमचे मोजायला लागली. एक. दोन. तार सुटत नव्हती, मी चमचा फिरवून तोडली. तीन. डोक्याचं तेल डोक्याला लावायचं असतं, जिभेला नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. चार. "कसं लागतंय?" ती म्हणाली. "चांगलं हाय," मी म्हटलं. पाच.

वाटी रिकामी झाली तेव्हा ती टाळ्या वाजवून म्हणाली, "बघा! खाल्लं ना मशिनीतलं? झालं काही?"

दुपारपर्यंत झालं. एकदा गेलो. परत आलो, बसलो, परत गेलो. तिसऱ्यांदा बाहेर आलो तेव्हा पोरगी दारातच उभी होती, तोंड पांढरं.

"आबा, किती वेळा?"

"पाणी बदललं की हुतंय."

"नाही आबा." तिचा आवाज कापत होता. "ते मशिनीतलं दही... तुम्ही म्हणत होता... आणि मी काल लाडू खाल्ला. अर्धा. तोही मशिनीतनंच आलाय."

"अगं, पण बॅटरी, भिंत..."

"ते मी पुस्तकातलं सांगत होते! तुमचं पोट तर समोर दिसतंय!"

पोटात जीव असला की माणूस शिकलेलं सगळं विसरतो. मला तिचा राग आला नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि लाडवांचा डबा, डब्यावर घनसाळची पिशवी, सगळं छातीशी धरून दाराकडं निघाली. खाली कचऱ्याचा डबा होता. मंडळींनी बसून वळलेले लाडू. तिच्या मामाच्या शेतातला तांदूळ. आणि एवढ्या महिन्यांत ज्या दोन गोष्टी ती खाऊ शकली असती, त्याच घेऊन ती चालली होती. मग दह्याबरोबर खाणार काय? उद्या दह्याचीही शंका आली तर?

मी दारात आडवा झालो.

"ठेव ते खाली."

"आबा, सरका."

"ठेव म्हणतो. तू सकाळी खाल्लंस ते दही कशातलं?"

"टोपीतलं."

"मशिनीतलं."

ती बघत राहिली. मला आणखी सांगावं लागणार हे कळलं. मी साठ-सत्तर वर्षांत कुणापुढं असं बोललेलो नाही, तहसीलदारापुढंही नाही.

"पान मी हलवलं. सकाळी, तू उठायच्या आधी. टोपीतलं नासलं हुतं. मशिनीतलं चांगलं लागलं, म्हणून ते तुला दिलं. आधी मी खाल्लं, तासभर बघितलं, मगच दिलं."

"मग तुम्ही माझ्यासमोर खाल्लं ते?"

"टोपीतलं."

"पोट बिघडलं ते..."

"टोपीनं. माक्याच्या तेलानं. एक्स-रेला त्यातलं कायबी ठावं न्हाय."

ती डबा घेऊन तशीच उभी होती. आधी ओठ हलले. मग खांदे. मग तिनं डबा खाली ठेवला, भिंतीला टेकली आणि हसायला लागली, ती थांबेचना. एका हातानं पोट धरलेलं, एका हातानं डोळे पुसतेय. "पाच चमचे," म्हणाली, "पाच चमचे खाल्ले हो तुम्ही, आणि वर चांगलं हाय म्हणालात!" मी म्हटलं, हसू नकोस एवढं, बरं नसतं ह्या दिवसांत. त्यावर आणखी हसली.

मग तिथंच जमिनीवर बसून तिनं लाडवाचा डबा उघडला आणि लाडू खाल्ला. अख्खा. मी शेवटच्या कणापर्यंत बघितलं. कालचा उरलेला अर्धाही खाल्ला. आणि लाडू चावता चावताच आईला फोन लावून सगळं सांगितलं. पहिल्यापासून, कात्रीसकट. मी खुणा करत होतो, कात्रीचं नको, कात्रीचं नको.

पलीकडनं मंडळींचा आवाज आला, एवढा मोठा की पोरीनं फोन कानापासून लांब धरला.

"त्यांस्नी म्हणावं, निजा गप. आन् तू त्यांस्नी ताक करून दे, पातळ. मशिनीतल्या दह्याचं!"

पोरीनं वाटीत उरलेल्या दह्याचं ताक घुसळलं. तांब्याभर आणलं, माझ्यापुढं ठेवलं आणि पुन्हा खुर्ची ओढून बसली. आता मोजत नव्हती, नुसती बघत होती. मी प्यालो. पोटात गार वाटलं. दुसरं भांडं मी मागितलं नाही, तिनंच भरलं, आणि तेही प्यालो.

मीठ कमी होतं. तेवढं मी बोललो.